बिनदातांचं बकेट

"दात नकोत," सुभेदार म्हणाले.

मी खडूने गाळ्याच्या फरशीवर बकेटचं चित्र काढत होते. तोंडाच्या पट्टीवर पाच दात काढून झाले होते. माझा हात थांबला.

"सुभेदार, दात नसले तर ते बकेट कसलं? घमेलंच की. मुरुमात शिरणार कसं?"

"मुरुमात शिरायचंच नाहीये."

"मग कशात?"

"मातीत," ते म्हणाले, आणि बुटाच्या तळव्याने पाचही दात पुसून टाकले.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. संगमनेरला अकोले रस्त्यावर आमचा फॅब्रिकेशनचा गाळा होता. वडील गेल्यावर तो मी चालवत होते. ट्रॉल्या, फाटकं, नांगराचे फाळ असली कामं. बाई वेल्डिंग करते हे बघायला सुरुवातीला लोक थांबायचे, मग थांबेनासे झाले. सुभेदार केरू वाकचौरे मात्र पहिल्या दिवसापासून कामाशिवाय काही बोलले नाहीत. अकोल्याच्या पलीकडचं त्यांचं गाव. पलटणीत सगळी नोकरी त्यांनी माती उकरणाऱ्या मशीनवर काढली होती, डोंगरातले रस्ते मोकळे करण्यात. बायको वारलेली, मुलगी नाशिकला दिलेली. सैन्याने मोडीत काढलेलं एक मशीन त्यांनी लिलावात घेतलं होतं. पुढे माती भरायचं सूप, मागे खोदायचा लांब हात. लोक अशा कुठल्याही मशीनला जेसीबीच म्हणतात, पण हे वेगळं होतं. रंग हिरवा, पत्रा जाड, चारही चाकं ओढणारी. आणि मागच्या हाताच्या टोकाची भोकं बाजारातल्या कुठल्याच बकेटच्या भोकांशी जुळत नव्हती. लिलावात मशीन मिळालं होतं, त्याची बकेटं मिळाली नव्हती.

म्हणून ते माझ्याकडे आले होते. मी दोन दिवस मापं घेतली. लष्कराच्या पिना जाड, पिन धरणाऱ्या दोन कानांमधलं अंतर कमी. मी एक मधला जोड बसवायचं ठरवलं. वरच्या बाजूला लष्करी पिना, खालच्या बाजूला आपल्याकडच्या. म्हणजे पुढे कधी बाजारातलं बकेटही लावता येईल. ते त्यांना पटलं. पण मागितलेल्या वस्तू मला कळेनात. एक अरुंद बकेट, दातांशिवाय, तोंडाची पट्टी घासून गोल केलेली. एक हूक, ज्याला पट्टे बांधून जड तुळई सरळ वर उचलता येईल. बस्स.

"पाइपलाइनची कामं घेणार आहात का?" मी विचारलं.

"नाही."

"विहिरी?"

"ताई, तुम्ही बनवा."

मी बनवलं. पण माझ्यातला कारागीर गप्प बसेना. सहा महिन्यांत हा माणूस दात लावून द्या म्हणत परत येणार, याची मला खात्री होती. म्हणून पट्टीला मी पाच भोकं आधीच पाडून ठेवली, वरून रंग मारला. न्यायला आले तेव्हा सुभेदारांनी पट्टीवरून बोट फिरवलं. पहिल्या भोकाशी बोट थांबलं. मग दुसऱ्या, तिसऱ्या.

"ही बुजवा," ते म्हणाले.

"राहू द्या ना. नडत नाहीत. कधी लागली तर..."

"बुजवा, ताई. मी थांबतो."

दोन तास ते बाकड्यावर बसून राहिले. मी भोकं भरली, घासली, बोट अडकणार नाही इतकी गुळगुळीत केली. मनातल्या मनात चिडले होते. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, मान हलवली आणि गेले.

वर्ष उलटलं. ते मशीन कुठे चालतंय असं कुणाकडून ऐकलं नाही. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याने ते अंगणात ताडपत्रीखाली ठेवलंय, दर रविवारी सुरू करून बघतो आणि बंद करतो.

मग श्रावणात घोटणवाडी गेली.

घाटमाथ्याच्या खालची ठाकरांची वाडी. सोमवारी पहाटे वरचा डोंगर सुटला आणि अकरा घरांवर येऊन बसला. एकवीस माणसं आत होती. रस्ता चिखलात गेलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी एकच मशीन तिथवर पोचलं. ते सुभेदारांचं. हे सगळं मला गुरुवारी कळलं, जेव्हा तहसीलची जीप गाळ्यासमोर उभी राहिली. ड्रायव्हरने निरोप दिला, "सुभेदारांनी सांगितलंय, जोडाची पिन वाकलीय. ताईंना घेऊन या."

जोड माझा होता. मी गॅसचं कटर, वेल्डिंगचा सेट, लेथवर कापलेल्या दोन नव्या पिना घेतल्या आणि आमच्या पिकअपमधून जीपच्या मागे निघाले.

तिथे काय होतं ते मी फार सांगणार नाही. भाताची हिरवीगार खाचरं होती आणि त्यांच्या मधोमध लाल चिखलाचा एक रुंद पट्टा डोंगरापासून ओढ्यापर्यंत उतरला होता. त्यात घराचं म्हणून काही ओळखू येत नव्हतं. कडेला बायका बसल्या होत्या. रडत नव्हत्या. चिखलाकडे बघत होत्या.

सुभेदार मशीनजवळ उभे होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"किती वेळ लागेल?"

"दीड तास. तुम्ही जेवलात का?"

"दीड तास," ते म्हणाले आणि शाळेच्या पडवीत जाऊन आडवे झाले. चार दिवसांत पहिल्यांदा, असं कुणीतरी सांगितलं.

मी पिन कापून काढली, नवी बसवली. बकेट जमिनीवर टेकलेलं होतं. तेव्हा नायब तहसीलदार माझ्याजवळ आले. तरुण माणूस, आवाज बसलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने वाळलेली.

"बाई, तुम्ही वेल्डिंग करता ना? एक काम करा. याला दात लावा."

"सुभेदारांना विचारलंत का?"

"दोन दिवस विचारतोय. ऐकत नाहीत. बकेटने नुसती माती खरवडतात, जरा काही दिसलं की थांबतात, माणसांना हाताने उकरायला लावतात. तिकडच्या टोकाला दुसरं मशीन आहे, दात असलेलं, ते चौपट काम करतंय." त्यांनी वर बोट दाखवलं. "वरच्या कड्याला आणखी एक भेग पडलीय. उद्यापासून पुन्हा जोराचा पाऊस सांगितलाय. तो भाग खाली आला तर ही शोधणारी माणसंही जातील. माझ्याकडे आजचाच दिवस आहे."

मी वर पाहिलं.

"चौथा दिवस आहे, बाई. आत कुणी जिवंत असेल असं वाटतं तुम्हाला?"

मी चिखलाकडे पाहिलं. "नाही," म्हणाले.

दुसऱ्या मशीनवाल्याने जादाचे दात आणून दिले. नायब तहसीलदार खोटं बोलत नव्हते, भेग मला दिसत होती. आणि खरं सांगायचं तर, त्या बकेटला दात हवेत हे मला वर्षभरापासून वाटत होतं. मी जनरेटर सुरू केला, काच डोळ्यांवर ओढली आणि पहिला दात लावला. मग दुसरा. तिसरा हातात धरला तेवढ्यात जनरेटर बंद पडला.

मी काच वर केली. सुभेदार जनरेटरजवळ उभे होते. ओरडतील असं वाटलं, पण ते जवळ आले, चिखलात उकिडवे बसले आणि त्या दोन दातांकडे बघत राहिले. नायब तहसीलदार फोनसाठी शाळेकडे गेले होते. आम्ही दोघंच होतो.

"ताई, एकोणीस वर्षं झाली," ते म्हणाले. "असाच डोंगर. रस्त्यावरच्या मजुरांच्या तंबूंवर आलेला. मी हवालदार होतो. मशीन माझ्या हातात. तिसरा दिवस. सगळे म्हणत होते, आता कोण वाचलंय. मीही म्हणालो. घाई माझीच होती. दात असलेलं बकेट खोल घातलं आणि वर घेतलं."

त्यांनी बकेटकडे बोट केलं.

"दातावर रक्त होतं."

"सुभेदार..."

"तीन दिवसांच्या मेलेल्या माणसाचं रक्त वाहत नाही, ताई. मी लढाईतली प्रेतं उचललीत. मला माहीत आहे. हे वाहत होतं. मी खाली उतरलो, हात लावला. अंग गरम होतं. तोंडापुढे लाकडाची फळी आडवी पडली होती, त्याखाली थोडी हवा राहिली होती. तो तीन दिवस त्या हवेवर जगला होता. माझ्या बकेटपर्यंत जगला होता."

"मग?"

"मग काय. कुणी जवळ नव्हतं. मी जखमेला चिखल फासला आणि त्याला बाकीच्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तिथेच जाळलं."

पडवीतून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येत होता.

"नाव नंतर यादीवर बघितलं. बुधन मुर्मू. जिल्हा दुमका. गावाचं नावही पाठ आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही."

मी ग्राइंडर उचलला. जनरेटर त्यांनीच सुरू केला. दोन्ही दात कापायला दहा मिनिटं लागली, पट्टी परत गोल घासायला वीस. नायब तहसीलदार परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "दात बसणार नाहीत. प्लेट वेल्डिंग धरत नाही." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं," आणि वरच्या भेगेवर नजर ठेवायला त्यांनी दोन माणसं शिट्ट्या देऊन बसवली.

मी संगमनेरला परत गेले नाही. सुभेदारांना मशीनमधून बकेटचं टोक दिसत नसे. मी कडेला उभी राहून हाताने खुणा करायची. थोडं खाली. थांबा. घ्या. इतक्या मोठ्या लोखंडी हाताला इतक्या हळू चालताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. साय काढावी तशी ते माती काढत. कापडाचा तुकडा दिसला की हात थांबे आणि वाडीची माणसं उतरून बोटांनी उकरत. तुळई आली की बकेट काढून हूक लावायचा, तुळई सरळ वर उचलायची.

जिवंत कुणी सापडलं नाही. हे मला स्पष्ट सांगायला हवं. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, नंतरही नाही. शुक्रवारी पाऊस आला, अर्धा दिवस काम थांबलं, पण वरचा कडा राहिला.

शनिवारी दुपारी पट्टीखाली गोधडीचं टोक दिसलं. मी हात वर केला. माणसं उतरली. गोधडीत एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, कुशीवर झोपलेली. तिला उचलून कडेला आणलं तेव्हा बायकांमधली एक उठली. चांगुणा मेंगाळ तिचं नाव. त्या रात्री ती बाळंत झालेल्या बहिणीकडे पलीकडच्या वाडीत गेली होती, म्हणून ती होती. तिचा नवरा लहानू आणि मुलगी सुमी घरात होते.

तिने कळशीतलं पाणी हातावर घेऊन पोरीचा चेहरा धुतला. कपाळ, डोळे, कान. एका कानात काडी होती. ती काडी तिने सरळ केली.

"माझी सुमी हाय," ती म्हणाली. "आखी हाय."

दुसऱ्या टोकाला सापडलेल्या काही माणसांना त्यांच्या घरच्यांनी कपड्यांवरून ओळखलं होतं. ते तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मंगळवारपर्यंत वीस जण सापडले. लहानू मेंगाळ सापडला नाही. नवव्या दिवशी काम थांबवायचा आदेश आला. दुसरं मशीन गेलं. नायब तहसीलदारांनी येऊन सुभेदारांचा हात धरला, दोन शब्द बोलले आणि तेही जीपकडे गेले. सुभेदार मात्र खाली उतरले नाहीत. इंजिन चालूच होतं. बकेट पुन्हा खाली गेलं.

मी खुणा करायला उभी राहिले. काय करणार? तासभर आम्ही तसंच काढलं. मग चांगुणा चिखलातून चालत आली आणि बकेटच्या पुढ्यात उभी राहिली. सुभेदारांनी इंजिन बंद केलं.

"बाबा, उतर खाली," ती म्हणाली.

"अजून एक राहिलाय, बाई."

"ऱ्हाऊ दे त्याला. हे खाचर त्याचंच व्हतं. त्याच्या जागेत हाय तो." तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते, आवाज अगदी साधा. "पोर आखी दिलीस मला. लई केलंस. उतर आता."

सुभेदार उतरले. चाकाला टेकून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना आवरायला पुढे झाले, पण तिने मला हाताने थांबवलं. रडून झाल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने. रक्त, गरम अंग, फासलेला चिखल. ज्या बाईचा नवरा पायाखालच्या मातीत होता, तिला ते हे सांगत होते. मला वाटलं, ती थुंकेल.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्याच्या घरच्यांना ठावं हाय?" तिने विचारलं.

"मेला एवढं कळवलं असेल कंत्राटदाराने."

"पर कसा मेला ते?"

"नाही."

"मंग सांग जाऊन," चांगुणा म्हणाली. "त्ये त्यांचं हाय. तू किती वरसं जवळ ठेवतो?"

दिवाळी झाल्यावर सुभेदार दुमक्याला गेले. एकटेच. जायच्या आधी गाळ्यावर येऊन सांगून गेले. हातात एक कापडी पिशवी आणि खिशात गावाचं नाव लिहिलेला कागद, जरी ते पाठ होतं तरी. मी सोबत येऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले.

तीन आठवड्यांनी सकाळी ते परत बाकड्यावर येऊन बसले. मी फाटकाचं काम करत होते, ते बाजूला ठेवलं, चहा मागवला. ते एकदम म्हातारे दिसत होते.

"भेटलं का कुणी?"

"बायको भेटली. त्याचा भाऊ भेटला. भावाला हिंदी येत होतं, तो तिला तिच्या भाषेत सांगत होता." चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांत धरला, पण प्यायले नाहीत. "मी पोचलो तेव्हा तिने पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. तिच्या भांगात कुंकू होतं, ताई."

मला आधी कळलं नाही.

"कंत्राटदाराच्या माणसाने कळवलं होतं तेव्हाच. पण त्याच वर्षी त्याच माणसाने गावातला दुसरा एक जण मेल्याचं कळवलं होतं आणि तो दोन महिन्यांनी चालत घरी आला होता. म्हणून हिने मानलंच नाही. प्रेत आलं नाही, कपडा आला नाही. एकोणीस वर्षं ती भांग भरत होती."

"देवा."

"मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण चांगुणा म्हणाली होती ना, ते त्यांचं आहे. मी सांगितलं. भाऊ एकेक वाक्य तिला सांगत होता. मी रक्ताचं सांगितलं तेव्हा तो थांबला. मी म्हटलं, सांग. त्याने सांगितलं. मी वाट बघत होतो, की ती ओरडेल, दगड मारेल, गाव गोळा करेल. मी त्याच तयारीने गेलो होतो."

"मग काय केलं तिने?"

"एकच विचारलं. अंगावर काय होतं? मी सांगितलं, गळ्यात लाल-पांढऱ्या चौकड्यांचा गमछा, एका कोपऱ्यावर काळ्या दोऱ्याने घातलेला टाका. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा भांग पुसलेला होता."

रस्त्यावरून उसाची गाडी जात होती.

"ती सधवा होती, ताई. मी जाऊन तिला विधवा करून आलो. एका माणसाला मी दोनदा मारलं."

मी म्हणाले, "तसं नाही, सुभेदार."

"निघायच्या वेळी ती मागे आली, गावाबाहेर माळापर्यंत," ते म्हणाले. "तिथे तिने भावामार्फत विचारलं, त्याला जाळलं तो डोंगर कोणत्या बाजूला? आम्हा पलटणवाल्यांना दिशा चुकत नाही. मी सूर्य बघितला आणि हात करून दाखवलं. ती त्या बाजूला तोंड करून उभी राहिली. आणि तिने हाक मारली. 'बुधन!' अशी. एकदाच, पण मोठ्याने. गुरं चारणारी पोरं वळून बघायला लागली."

त्यांनी थंड झालेला चहा खाली ठेवला.

"मी भावाला म्हटलं, चल, तिला घरी ने. तो हलेना. नुसता तिच्याकडे बघत होता. मग मला हळूच म्हणाला, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी तिच्या तोंडून ते आज पहिल्यांदा ऐकलं."